कोपराची शीर १४ महिन्यांपासून दुखायलीय. म्हशी विकू का, पखवाज सोडू का?

भजनी_सेलू

नमस्कार मंडळी. मी सेलू तालुक्यातला, वय ४४. साडेपाच एकर जमीन, कापूस आणि सोयाबीन, दोन म्हशी. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. वडील वाजवायचे, त्यांच्या मांडीजवळ बसूनच शिकलो.

दुखणं उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला आहे. हाडाचं टोक हाताला लागतं, तिथून बोटभर खाली. सुरुवात मागच्या वर्षी फेब्रुवारीत झाली. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायला माणसं मिळेनात. गुत्तं द्यायचं तर पैसे परवडेनात. मग तीन एकर पऱ्हाटी मीच चिमट्यानं उपटली, सहा दिवसांत. सातव्या दिवशी गावात सप्ताह बसला. सकाळी काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आठही दिवस पखवाज माझ्याकडं. काल्याच्या दिवशी जेवायला बसलो आणि पाण्याचा तांब्या हातातून सुटला. तेव्हापासून हे चालू आहे.

मे महिन्यात कोपरात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी दुखणं गायब. मला वाटलं सुटलो. पेरणी केली, पंपानं फवारण्या केल्या, काहीच राखलं नाही. जुलैत परत सुरू झालं ते आधीपेक्षा जास्त. ऑगस्टमध्ये दुसरं घेतलं, ते तीन आठवडेच पुरलं. कार्तिक संपल्यावर दोन महिने हात गळ्यात बांधून बसलो. वाटलं, पूर्ण आराम दिला की शीर भरून येईल. दुखणं कमी झालंही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी म्हशीखाली बसलो, अर्धी चरवी भरेपर्यंत जिथल्या तिथं.

आता एक डॉक्टर म्हणतात तिसरं इंजेक्शन घ्या. दुसरे म्हणतात स्वतःचंच रक्त काढून, त्यातला भाग वेगळा करून कोपरात भरू, दहा हजार लागतील. तिसऱ्यांनी ऑपरेशनचं नाव काढलं.

आज काय होत नाही ते सांगतो. भरलेला तांब्या उचलता येत नाही. धार काढता येत नाही. कोणी रामराम करून हात मिळवला की डोळ्यात पाणी येतं. पखवाज सुरात लावताना हातोडीनं त्याचे लाकडी गठ्ठे ठोकावे लागतात, ते तर अजिबात नाही. थाप मारलेली एक वेळ चालते, हातोडी चालत नाही.

दोन्ही म्हशींची धार आता बायको काढते. स्वयंपाक तिचाच, खुरपणी तिचीच. ती एका शब्दानं बोलत नाही. पण पहाटे पाच वाजता चरवीचा आवाज ऐकू येतो आणि मला अंथरुणात पडून राहणं नको होतं. गावात लोक म्हणतात, दिसायला तर काही नाही हाताला. खरंच दिसत नाही. मोडला असता, प्लास्टर असतं, तर कोणी असं म्हणलं नसतं.

मला एवढंच विचारायचंय. आराम करू की काम करू? दोन्ही करून बघितलं, दोन्हीनं वाढलं. म्हशी विकू का? पखवाज पोराच्या हाती देऊन मोकळा होऊ का? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगावं.

मानवतचा_बाळू

दादा, आमच्याकडं एक आजोबा आहेत, शीर बसवून देतात. मोहरीचं तेल कोमट करून अंगठ्यानं चोळतात, पहिल्यांदा जीव जातो पण उतार पडतो म्हणतात. माझ्या चुलत्याला गुण आला होता. पैसे घेत नाहीत. यायचं असलं तर सांगा, मी घेऊन जातो.

पायरी_अंबाजोगाई

भजनी दादा, शाळेतून आले, तुमचं वाचलं आणि चहा ठेवायचा राहिला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ५२. माझं दुखणं टाचेचं, तुमचं कोपराचं, पण जात एकच आहे. तुम्ही लिहिलंय ना, आराम केला तरी वाढलं आणि काम केलं तरी वाढलं, त्या वाक्यात मी दोन वर्षं काढली आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

२०१७ ची दिवाळी झाली आणि मला टायफॉइड झाला. ऑफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांचा कोर्स झाला, ताप गेला. अंगात ताकद यावी म्हणून मुकुंदराजांच्या समाधीच्या रस्त्यानं रोज चालायला सुरुवात केली. आधी कधी चालणं नाही, आणि एकदम रोज, तेही परतीला चढ. तीन आठवड्यांत दोन्ही टाचांच्या वरची जाड दोरी दुखायला लागली. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून. डाव्या पायाला तर सुपारीएवढी गाठ लागायची.

गोळ्यांबद्दल इथं मुद्दाम सांगते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन या एकाच घराण्यातल्या गोळ्या. यांनी स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला इजा होऊ शकते, क्वचित ती तुटतेही, आणि सगळ्यात जास्त टाचेचीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्ये या गोळ्यांवर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला. साठी ओलांडलेली माणसं आणि स्टिरॉइड घेणारी माणसं यांना धोका जास्त. आपल्याकडं पोट बिघडलं की मेडिकलवरून दोन सिप्रो आणून खायची रीत आहे. माझं दुखणं गोळ्यांनी झालं की चढानं, हे आता शोधून उपयोग नाही, दोन्ही एकाच महिन्यात घडलं. पण तुमच्या त्या १४ महिन्यांत कधी जुलाबाला, लघवीच्या जळजळीला अशी गोळी घेतली होती का ते आठवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना आधी सांगा की माझी ही दोरी दुखावलेली आहे, दुसरं औषध चालेल का. चालू असलेला कोर्स मात्र स्वतःच्या मनानं तोडू नका.

मीही तुमच्यासारखाच आराम केला. तीन महिने वर्गात खुर्चीवर बसून शिकवलं. फळ्यावर लिहायला मुलींना उठवायचे. दुखणं कमी झालं आणि पोटऱ्या काटकुळ्या झाल्या. मग स्नेहसंमेलनाच्या दिवशी मैदानात दोन तास उभी राहिले आणि सगळं परत आलं. आरामानं वेदना झोपते, पण दोरी त्या काळात आणखी कमकुवत होते, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

नंतर मी वाचायला लागले, आणि एक गोष्ट वाचून त्या रात्री रडले. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्या झाल्या, तेव्हा हवेतलं किरणोत्सारी कार्बन वाढलं आणि त्या काळात शरीरात जे जे नवं बनलं त्यात ते जाऊन बसलं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेच्या कंडरेत, म्हणजे याच दोरीत, ते मोजलं. निघालं असं, की कंडरेचा गाभा माणसाची उंची वाढते तोवर, म्हणजे साधारण सतराव्या वर्षापर्यंत बनतो आणि पुढं जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे माझ्या पायातली ही दोरी मी अकरावीत होते तेव्हाची. मी रोज वाट बघत होते ती भरून यायची, आणि ती हाडासारखी भरून येणाऱ्यातली नाहीच.

पण चार दिवसांनी त्यातूनच मन शांत झालं. सोलाच्या, म्हणजे जाड दोराच्या, काही पदरांचे धागे विरले तरी बाकीचे पदर शाबूत असतात. त्यांना ओढ झेलायची सवय लावता येते, फक्त हळू. हाताची कातडी आठवड्यात घट्टे धरते, या दोरीला महिने लागतात.

टाचेसाठी स्वीडनचे एक हाडांचे डॉक्टर आहेत, आल्फ्रेडसन. त्यांची स्वतःची टाच दुखायची. ऑपरेशन करायला कोणी तयार होईना, तेव्हा एकदाची दोरी तुटूच दे म्हणून ते तिला मुद्दाम ताण देत राहिले, आणि टाच बरी होत गेली. १९९८ मध्ये त्यांनी १५ जणांवर केलेला प्रयोग छापला. पायरीच्या कडेवर पुढच्या पावलावर उभं राहायचं, टाच हळूहळू खाली सोडायची, वर येताना चांगल्या पायानं यायचं. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन फेरे, गुडघा वाकवून १५ चे तीन. दिवसातून दोन वेळा, आठवड्याचे सातही दिवस, १२ आठवडे. रोजचे १८० होतात. माझ्या दोन्ही टाचा दुखऱ्या, त्यामुळं वर येताना मी कठडा धरून हातांवर भार घ्यायचे. आमच्या घराच्या दुसऱ्या पायरीला माझ्या पायांनी खाच पडली असेल. पुढं पाठीवर मुलाचं जुनं दप्तर घेतलं, त्यात तांदळाची पिशवी.

१२ आठवड्यांनी मी बरी झाले नाही. निम्मी झाले. हे सांगणं गरजेचं आहे, कारण १२ आठवडे झाले तरी दुखतंय म्हणून माणूस सोडून देतो. मी तेराव्या आठवड्यात सोडलं नाही, पण दुसरी चूक केली. एक आठवडा छान गेला, तेवढ्यात लातूरला भाच्याचं लग्न. दोन दिवस चपला घालून उभी, हळदीत नाचलेही. सहा आठवडे मागं गेले. या दुखण्यात वाईट दिवसापेक्षा चांगल्या दिवसानं माझं जास्त नुकसान केलंय. हात हलका वाटला की आपण राहिलेलं सगळं काम त्याच दिवशी उरकायला जातो.

त्यातून मी जुनी हजेरीची वही घेतली. रोज सकाळी उठून पहिल्या दहा पावलांना शून्य ते दहातला आकडा द्यायचा. आदल्या दिवशी काय काय केलं ते शेजारी. काम करताना तीन-चारपर्यंत दुखलं तरी थांबायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा नेहमीपेक्षा वर गेला, तर कालचं जास्त झालं, आज तेवढं कमी. नेहमीएवढाच राहिला तर तेवढंच चालू. दोन आठवडे स्थिर राहिला की थोडं वाढवायचं. ही दोरी काम चालू असताना खरं बोलत नाही, अंग तापलं की दुखणं विसरायला होतं. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. तुम्ही सहा दिवस पऱ्हाटी उपटलीत, तेव्हा सहाही सकाळी ती सांगत असणार.

आज माझी अवस्था अशी: चार किलोमीटर चालते, शाळेत उभी राहून शिकवते. थंडीत सकाळी दोन-चार पावलं अजून आखडतात. वही अजून चालू आहे.

म्हशी लगेच विकू नका. आणि वहिनींशी एकदा मोकळं बोला. माझे मिस्टर दोन वर्षं माझ्या वाटचं पाणी भरत होते आणि मी अपराधीपणानं त्यांच्याशी धड बोलत नव्हते. त्यांना वाटायचं मी रागावले आहे.

भजनी_सेलू

ताई, तुमचं दोनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं. ती चरवीच्या गोष्टीवर म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला झोप लागलेली असते."

गोळी आठवली. मागच्या पावसाळ्यात जुलाबाला घेतली होती, तीन दिवस. दुखणं त्याच्या आधीपासूनचं, पण यापुढं लक्षात ठेवीन.

बाळूभाऊ, तुमच्या आजोबांचा मान राखून विचारतो, चोळल्यावर माझं वाढतं. मागं एकदा गावात चोळून घेतलं तर दोन रात्री झोप नव्हती.

फिजिओ_जालना

मी जालन्यात फिजिओथेरपी करते. इथं लिहिलेलं वाचून कोणाची तपासणी होत नसते, हे आधी गृहीत धरा.

पहिली गोष्ट शब्दाची. आपण रक्तवाहिनीला शीर म्हणतो, मज्जातंतूला शीर म्हणतो आणि स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेलाही शीरच म्हणतो. "शीर दबली", "शीर चढली" हे ऐकून चोळणारा माणूस दबलेलं मोकळं करायला जातो. तुमच्या कोपरात बहुतेक दबलेलं काही नाही. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची कंडरा कोपराच्या हाडाला जिथं चिकटते तिथं ती झिजलीय. दुखऱ्या जागी अंगठ्यानं रगडणं म्हणजे तिथं आणखी भार. बाळूदादांच्या चुलत्यांना गुण आला असेल, कारण हे दुखणं बऱ्याच जणांत वर्षभरात आपोआपही ओसरतं. तुमचं त्या मुदतीपलीकडं गेलंय.

यालाच टेनिस एल्बो म्हणतात. नाव टेनिसचं असलं तरी माझ्याकडं येणारे बहुतेक पेशंट शेतातले, गवंडीकामातले आणि पोळ्या लाटणाऱ्या बायका असतात. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये हेच झालं होतं, काही महिने तो मैदानाबाहेर होता, आणि पुढच्या वर्षी ऑपरेशन करावं लागलं. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या खेळाडूलाही वेळ द्यावा लागला, त्यामुळं तुमचं काही चुकलं म्हणून १४ महिने लागले असं मनात आणू नका.

तिसऱ्या इंजेक्शनबद्दल मी स्पष्टच बोलते: घेऊ नका. ऑस्ट्रेलियात १६५ जणांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना स्टिरॉइडचं इंजेक्शन, अर्ध्यांना नुसतं खारं पाणी, कोणाला काय दिलं ते त्यांना माहीत नव्हतं. स्टिरॉइडवाल्यांना पहिल्या महिन्यात आराम जास्त पडला. पण वर्षभरात त्यांच्यातल्या ५४ टक्के लोकांचं दुखणं उलटलं, खाऱ्या पाण्यावाल्यांत १२ टक्के. तुमच्या मे आणि ऑगस्टची हीच गोष्ट आहे. वेदना गेली, कंडरा तशीच राहिली, आणि त्याच काळात तुम्ही पेरणी आणि फवारणी केली. स्वतःच्या रक्तातल्या भागाचं जे इंजेक्शन सांगितलंय, त्यावर झालेले प्रयोग २०२१ मध्ये एकत्र तपासले गेले, त्यात कोपरासाठी खोट्या इंजेक्शनपेक्षा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. ते दहा हजार सध्या घरातच ठेवा. ऑपरेशनचा विचार व्यायाम नीट, मोजून, निदान सहा महिने केल्यावर.

पण आधी दोन गोष्टी तपासून घ्या. एक, साखर. मधुमेहात कंडरा लवकर बिघडतात आणि हळू सुधारतात. माझ्याकडं खांदा घेऊन आलेल्या कितीतरी लोकांना साखर आहे हे खांद्यामुळं कळलंय. दुसरं, मान. मान वळवल्यावर कळ हातात उतरते का, बोटांना मुंग्या येतात का, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखतं का? यातलं एक जरी असलं तरी आधी डॉक्टरांना मान दाखवा.

व्यायाम असा. हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर, पालथा, पंजा कडेच्या बाहेर. कापडी पिशवीत वजनकाट्यावर मोजून अर्धा किलो सोयाबीन भरा. पिशवीचा बंद पंजावर अडकवा, मुठीत घट्ट आवळू नका. मनगट सरळ ठेवून ४० सेकंद धरा. मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. पहिले दोन-तीन आठवडे एवढंच, रोज. मग मनगट हळू वर, त्याहून हळू खाली, चार सेकंदांत. १५ चे तीन फेरे, एक दिवसाआड. सकाळचा आकडा शिक्षिकाताईंनी सांगितला तसा लिहा, मीही पेशंटांना हेच सांगते. आकडा स्थिर राहिला तर दर दोन आठवड्यांनी पाव किलो सोयाबीन वाढवा.

आणि दिवसभरात कुठलीही वस्तू तळवा खाली ठेवून उचलू नका. तांब्या असो, विळा असो, खालून, तळवा वर करून उचला. हातपंपाच्या दांड्यानं फवारणी बंद, चार्जिंगचा पंप वापरा. गठ्ठे ठोकायचं काम सध्या दुसऱ्याकडं द्या. थाप सोसते म्हणालात ना, मग पखवाज बंद करू नका. एक हरिपाठ वाजवा आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा बघा.

कोयता_केज

हे सगळं वाचलं. सगळं पटलं. पण मला एक विचारायचंय आणि राग मानू नका.

माझी आई ऊसतोडीला जाते. दसरा-दिवाळी झाली की आई-बाप कारखान्याला, उन्हाळ्याच्या तोंडाला परत. तिचा उजवा कोपर तीन वर्षांपासून असाच आहे. दिवसभर कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. एक दिवस गेली नाही तर खाडा धरतात, पैसे उचलीतून कापतात. मुकादमाला सांगू का, की सकाळचा आकडा सहा आलाय म्हणून आज निम्माच ऊस तोडते? मी शिकतोय, मला लिहिता-वाचता येतं, म्हणून विचारतोय. तिच्यासारखीनं काय करायचं?

फिजिओ_जालना

राग कसला. तुझा प्रश्न माझ्या ओपीडीत रोज येतो आणि पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. खाड्याला व्यायामाचं औषध नसतं.

जेवढं हातात आहे तेवढं सांगते. कोयत्याची मूठ बारीक असते, ती घट्ट आवळावी लागते, आणि आवळण्याचा सगळा ताण त्याच कंडरेवर येतो. मुठीवर जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा सुती कापड गुंडाळून ती जाड करा, बोटांची टोकं तळव्याला टेकणार नाहीत इतपत. कोयता रोज धारेचा हवा, बोथट कोयत्याला दुप्पट झटका द्यावा लागतो. आणि वडिलांशी बोल. तोडणं आणि बांधणं दोघांनी तासातासानं अदलून-बदलून करायचं. दिवसाचं काम तेवढंच राहतं, पण एकच जागा सलग दहा तास ओढली जात नाही. कोपराच्या चार बोटं खाली बांधायचा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो, कामाच्या वेळेपुरता बांधायचा. सध्या त्या गावी असतील. पुढच्या दसऱ्यापर्यंत जे महिने आहेत तेच त्यांचे व्यायामाचे महिने. सोयाबीनच्या पिशवीनं आजच सुरुवात करून दे. कारखान्याला गेल्यावर सुरुवात होणार नाही.

कोयता_केज

बरं ताई. पट्टा उद्या आणतो. कोयत्याची मूठ बापानं ऐकून लगेच गुंडाळली, आईनं हातात धरून बघितला.

भरती_२०_नांदेड

मी पोलीस भरतीची तयारी करतोय. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, १६०० मीटर पळताना नाही, पळून झाल्यावर आणि जिना उतरताना. रोज सकाळी डांबरी रस्त्यावर पळतो, संध्याकाळी उड्या. भरती निघाली तर ग्राउंड दोन-तीन महिन्यांत लागेल. मी पण पूर्ण थांबू नको का?

फिजिओ_जालना

वाटीखालची कंडरा असणार, पण कोणाला तरी दाखव. उड्या पूर्ण बंद, या कंडरेला उडीइतकं दुसरं काही लागत नाही. पळणं एक दिवसाआड, डांबराऐवजी मैदानावर. मधल्या दिवशी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, ४५ सेकंद, पाच वेळा. पुढं वजन घेऊन हळू बैठका. पेनकिलर खाऊन ग्राउंडची तालीम करायची नाही, दुसऱ्या दिवशीचं उत्तर त्यानं झाकलं जातं.

भजनी_सेलू

तीन आठवड्यांनी लिहितोय. साखर तपासली, आहे. उपाशीपोटी १६२ आली, डॉक्टरांनी गोळी चालू केली. घरात कोणालाच नव्हती म्हणून कधी तपासलीच नव्हती. फिजिओ ताई, तुमचे उपकार आहेत.

सोयाबीनची पिशवी चालू आहे. पोराची जुनी वही घेतली. पहिल्या आठवड्यात सकाळचा आकडा पाच, पाच, सहा, पाच. मग एक दिवस तीन आला. मला इतका आनंद झाला की दुपारी गोठ्यातलं शेण मीच पाटीनं काढलं, १४ पाट्या. दुसऱ्या दिवशी सात. ताईंनी लिहिलेलं सगळं वाचून, बायकोला वाचून दाखवून, तरी मी तेच केलं. लग्नात नाचले म्हणून लिहिलं होतं तुम्ही, ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलंय.

पायरी_अंबाजोगाई

दादा, सातवरून परत पाचवर यायला किती दिवस लागले तेही लिहून ठेवा. मला पहिल्यांदा सहा आठवडे लागले, नंतर दहा दिवस, आता दोन दिवसांत येतं. पाय बरा होतोय हे मला त्या दिवसांवरून कळलं.

भजनी_सेलू

आषाढी होऊन गेली. १२ आठवडे झाले. ताईंना उत्तर: शेणाच्या दिवशीचा सात पाचवर यायला नऊ दिवस लागले. मागच्या महिन्यात फवारणीच्या पंपाची चार्जिंग संपली, तेव्हा दांड्यानं अर्धा पंप मारला, त्याचा सहा आला, तो चार दिवसांत उतरला.

पिशवीत आता सव्वा किलो आहे. सकाळचा आकडा दोन-तीन. साखर १२० च्या आसपास. भरलेला तांब्या खालून धरून उचलतो, दुखत नाही. वरून अजून नाही. पखवाजाचे गठ्ठे पोरगा ठोकतो, मी कान लावून बसतो आणि सांगतो. महिनाभरात त्याचा कान चांगला तयार झाला, हे आधी कधी सुचलंच नव्हतं. एकादशीच्या रात्री तासभर वाजवलं, मग त्याला बसवलं. दुसऱ्या दिवशी तीन.

बाळूभाऊ घरी येऊन गेले. आजोबांना घेऊन आले होते. आजोबांनी कोपर हातात धरून बघितला, तेल लावलं नाही, म्हणाले तू करतोस ते चालू दे.

एक म्हैस विकली. दुखण्यामुळं नाही असं म्हणणार नाही, दुसरीपुरतीच वैरण होती हेही आहे. राहिलेलीची धार बायकोच काढते. काल पहाटे मी उठून तिच्या शेजारी बसलो. अंगठा न मुडपता, अख्ख्या मुठीनं, हळू. दोन सडं मी काढली, दोन तिनं.

आज सकाळचा आकडा तीन.